ऋण कुणाचं, सोडायचं कुणी? बारीपदाच्या स्टेन्स प्रकरणाचा अभ्यास

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात मी दर जानेवारीत एकच प्रकरण चर्चेला घेतो : ओडिशातलं ग्रॅहम स्टेन्स प्रकरण. १९९९ च्या जानेवारीत या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्यांना आणि त्यांच्या दोन लहान मुलग्यांना जमावानं गाडीत जाळून मारलं. समोर बसलेल्या मुलामुलींपैकी बहुतेकांचा जन्म त्या घटनेनंतरचा. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी नर्सिंगला, कुणी एमआयडीसीत कामाला. कँटीनमध्ये, होस्टेलवर, व्हॉट्सॲपच्या गटांत त्यांना एक प्रश्न पुन्हापुन्हा ऐकावा लागतो, कधी थट्टेत, कधी खोचकपणे : तुमचं हे प्रेम, ही क्षमा, ही दवाखान्यातली सेवा, सगळं शेवटी माणसं आपल्याकडे ओढण्यासाठीच ना? उत्तरासाठी ही मुलं माझ्याकडे बायबलमधली वचनं मागतात. वचनं त्यांना पाठच असतात. ती ऐकून विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, हीच तर अडचण. म्हणून मी त्यांच्यापुढे हा खटला ठेवतो.

आपल्या ख्रिस्ती मराठीत 'साक्ष देणं' हा रोजच्या वापरातला शब्द आहे. उपासनेत कुणी उभं राहतं आणि प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतं, ती साक्ष. शब्द मात्र न्यायालयातलाही आहे आणि तिथे साक्षीच्या पाठोपाठ उलटतपासणी येते. उपासनेत ती येत नाही. मंडळी 'आमेन' म्हणते आणि साक्ष देणारा जागेवर जाऊन बसतो. वर्षानुवर्षं असं झाल्यावर आपल्याला वाटू लागतं की साक्ष म्हणजे नुसतं सांगणं. बाहेरच्या समाजाला आपला संदेश खरा वाटतो की नाही हा प्रश्न माझ्या लेखी एवढाच आहे : साक्षीदाराची उलटतपासणी झाली तर तो टिकतो का? स्टेन्स प्रकरणात ती तपासणी खरोखर झाली. चौकशी आयोगापुढे झाली, तीन न्यायालयांत झाली, वर्तमानपत्रांतून झाली. म्हणून ते अभ्यासाला घ्यायचं.

आधीची चौतीस वर्षं

ग्रॅहम स्टुअर्ट स्टेन्स ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे, जन्म १९४१ चा. शाळकरी वयात बारीपदातल्या एका मुलाशी त्यांची पत्रमैत्री जुळली आणि त्या ओळखीच्या धाग्यानं ते १९६५ मध्ये भारतात आले. बारीपदा हे मयूरभंज जिल्ह्याचं ठिकाण, ओडिशाच्या उत्तर टोकाला. संथाळ, हो अशा आदिवासी समाजांचा हा मुलूख, पूर्वीचं संस्थान. तिथे १८९५ पासून एक छोटी ऑस्ट्रेलियन मिशनरी सोसायटी काम करत होती आणि तिच्याकडे कुष्ठरुग्णांचा आश्रम होता. स्टेन्स त्यात रुजू झाले ते कायमचेच. ओडिया शिकले, संथाळी शिकले, हो भाषेतल्या बायबलच्या नव्या कराराच्या कामात हातभार लावला. १९८३ मध्ये ग्लॅडिस या नर्सशी त्यांचं लग्न झालं. मुलं तीन : एस्तेर, फिलिप, तिमथी. नगर-सोलापूरकडच्या कुठल्याही ख्रिस्ती वस्तीत हाक मारली तर ओ मिळेल अशीच नावं.

कुष्ठसेवा म्हणजे नेमकं काय, हे मी मुलांना थोडं सविस्तर सांगतो, कारण भाषणांत ती दोन शब्दांत उरकली जाते. या रोगाचा जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो. हातापायांची संवेदना जाते. पायात काटा मोडला तरी कळत नाही, चुलीवरचं भांडं हाताला पोळलं तरी कळत नाही. जखम चिघळते, हाड झिजतं, बोटं आखडतात आणि आखूड होत जातात. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले, रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधं एकत्र देऊ लागले, तेव्हा रोग महिन्यांच्या हिशेबात बरा होऊ लागला. त्याआधी नुसत्या डॅप्सोनवर वर्षानुवर्षं काढायची. पण रोग बरा झाला तरी गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. म्हणून आश्रमातलं रोजचं काम नाट्यमय नसतं. पाय पाण्यात भिजत घालायचे, कडक झालेली कातडी खरवडायची, जखम धुवायची, पट्टी बांधायची, मऊ रबराची चप्पल मापानं करून द्यायची, आणि उद्या पुन्हा हेच. घरचे परत नेत नाहीत तो भाग वेगळाच. आपल्या देशात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, ते २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून काढलं. ते कारण हिंदू विवाह कायद्यात होतं तसंच ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही होतं. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हणतो. करुणेचा मक्ता आपल्याकडे आहे असं वाटणाऱ्यानं आपलाच कायदा आधी वाचावा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सेवा केली म्हणून संदेश खरा ठरत नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवा सुरू केली. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धूत. आनंदवन तर महाराष्ट्राच्या मनातच आहे. यांतलं कुणी ख्रिस्ती नव्हतं. मिरजेची आणि अचलपूरजवळच्या कोठाऱ्याची मिशनची कुष्ठरोग रुग्णालयंही याच मातीत उभी आहेत. जखम धुणारे हात ख्रिस्ती असोत की गांधीवादी, जखमेला ते सारखेच. तेव्हा 'आम्ही सेवा करतो, म्हणून आमचं खरं' हा युक्तिवाद मी मुलांना करू देत नाही.

मनोहरपूर

१९९८ च्या डिसेंबरात गुजरातच्या डांग जिल्ह्यात, म्हणजे आपल्या नाशिकच्या हद्दीला लागून, चर्चवर हल्ले झाले. जानेवारीत पंतप्रधान वाजपेयी डांगला जाऊन आले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असं म्हणाले. देशातली हवा त्या दिवसांत अशी होती.

त्याच महिन्यात स्टेन्स केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी गेले. परिसरातल्या ख्रिस्ती लोकांचा 'जंगल कॅम्प' तिथे दरवर्षी भरे. शाळेला सुटी होती म्हणून दोन्ही मुलगे बरोबर होते. थंडी कडाक्याची होती, म्हणून तिघे गाडीतच झोपले. २२ जानेवारीची रात्र उलटून २३ तारीख लागली तेव्हा जमाव आला, गाडीला आग लावली, बाहेर पडू दिलं नाही. ग्रॅहम अठ्ठावन्न वर्षांचे, फिलिप दहाचा, तिमथी सहाचा. ग्लॅडिस आणि तेरा वर्षांची एस्तेर बारीपदात होत्या.

याहून जास्त वर्णन मी कधी करत नाही. मुलांना ते ऐकायचं असतं. मी पुढे जातो.

विधवेची साक्ष

पुढच्या काही दिवसांत ग्लॅडिस स्टेन्स जे बोलल्या ते जगभर छापून आलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की मारणाऱ्यांना मी क्षमा केली आहे, माझ्या मनात त्यांच्याबद्दल कडवटपणा नाही. अंत्यविधीला मायलेकींनी पुनरुत्थानाच्या आशेचं गीत गायलं. त्या ऑस्ट्रेलियाला परततील असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्या २००४ पर्यंत बारीपदातच राहिल्या, आश्रम चालवला, पतीच्या नावानं रुग्णालय उभं केलं. २००५ मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ इथे उघडून पाहावी लागते. मराठीत ती म्हणताना आपण पाप किंवा अपराध हे शब्द वापरत नाही, 'ऋण' म्हणतो. आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं आहे, तशी तू आमची ऋणं सोड. लहानपणापासून ही ओळ म्हणत आलो, पण तिच्यातला व्यवहार मला हे प्रकरण अभ्यासताना कळला. ऋण सोडायचा अधिकार धनकोचाच. शेजाऱ्याचं देणं मी माफ करू शकत नाही. सावकाराच्या दारात उभं राहून 'सोडून द्या हो' म्हणणाऱ्या तिऱ्हाइताच्या शब्दाला किंमत नसते, कारण त्याच्या पदरचं काहीच जात नाही. ग्लॅडिसबाईंच्या शब्दाला वजन आलं ते याच कारणानं. ज्याचं बुडालं होतं त्यानंच सोडलं होतं.

एक मुलगा हमखास विचारतो, 'मग शिक्षा कशाला? क्षमा केली ना?' हा प्रश्न या अभ्यासाचा कणा आहे, म्हणून त्यावर वेळ घालवायचा.

खून झाला की आपल्याकडे खटला सरकार चालवतं. फिर्यादीनं किंवा मृताच्या नातेवाइकानं 'आमचं मिटलं' म्हटल्यानं खुनाचा खटला मिटत नाही. म्हणजे एका कृत्यातून दोन ऋणं तयार झाली : एक विधवेचं, एक सगळ्या समाजाचं. मनोहरपुरात जे घडलं ते कुठल्याही गावात, कुठल्याही कुटुंबाच्या बाबतीत घडू नये, हे समाजाचं येणं. ग्लॅडिसबाईंनी आपलं ऋण सोडलं. समाजाचं ऋण सोडण्याचा आव आणला नाही. क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, त्यांची गल्लत करू नये, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ही एवढी तारतम्याची गोष्ट मला त्यांच्या क्षमेहूनही मोठी वाटते. भावनेच्या भरात सगळंच सोडून दिलं असतं तर टाळ्या अधिक मिळाल्या असत्या, पण विचार करणाऱ्या माणसाच्या मनात शंका राहिली असती की ही क्षमा आहे की दुःखानं आलेली बधिरता.

न्यायालयांतला प्रवास थोडक्यात असा. मुख्य आरोपी दारा सिंग वर्षभर फरारी होता. ३१ जानेवारी २००० ला पकडला गेला. सप्टेंबर २००३ मध्ये भुवनेश्वरच्या न्यायालयानं त्याला फाशी आणि इतर बारा जणांना जन्मठेप सुनावली. मे २००५ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली, महेंद्र हेम्ब्रम याची जन्मठेप कायम ठेवली आणि बाकी अकरा जणांना सोडून दिलं. २१ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं.

उलटतपासणी

आता अवघड भाग. केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. वाधवा यांचा एकसदस्य आयोग नेमला. आयोगानं दारा सिंगला जबाबदार धरलं, कुठल्याही संघटनेचा हात असल्याचं मानलं नाही. त्या निष्कर्षावर बरीच टीका झाली. तो वाद माझ्या अभ्यासाचा विषय नाही. माझा विषय आहे आयोगापुढे आलेला दुसरा प्रश्न : स्टेन्स धर्मांतर करत होते का?

जिल्ह्यातल्या ख्रिस्ती लोकसंख्येत असाधारण वाढ झालेली आयोगाला आढळली नाही. जबरदस्ती आढळली नाही. पण आयोगासमोर स्टेन्स यांनी ऑस्ट्रेलियातल्या पाठीराख्यांसाठी लिहिलेला मजकूरही आला आणि त्यात कॅम्पमध्ये झालेल्या बाप्तिस्म्यांचे उल्लेख होते. ते फक्त कुष्ठसेवक नव्हते. ते मिशनरी होते. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगत होते, आणि ती ऐकून काही माणसं बाप्तिस्मा घेत होती.

घटनेनंतर ख्रिस्ती बाजूनं काय झालं ते आठवा. सभांतून, पत्रकांतून, निवेदनांतून एकच वाक्य फिरत होतं : ते तर निव्वळ समाजसेवक होते, त्यांचा धर्मांतराशी काही संबंध नव्हता. आमच्याही निषेध सभेत हेच म्हटलं गेलं, आणि माईकसमोर ते म्हणणाऱ्यांत मी होतो. तेव्हा मला ते माणसाच्या बचावाचं वाटलं. आज वाटतं की बचावाच्या घाईत आम्ही त्यांच्याकडून निम्मा माणूस काढून घेतला. ज्या संदेशासाठी ते चौतीस वर्षं राहिले तो संदेश लपवण्यासारखा आहे, असं आम्हीच जगाला सुचवलं. आणि पुढे ते मजकूर छापून आले तेव्हा वाचणाऱ्याला वाटलं, हे लोक काहीतरी दडवत होते. साक्षीदारानं एक गोष्ट झाकली की त्याच्या उरलेल्या नऊ खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. न्यायालयात पहिल्यांदा उभा राहणारा नवखा वकीलही हे जाणतो.

सरळ उत्तर काय होतं? राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेव्हरंड स्टॅनिस्लाउस खटल्यात सांगितलं, की प्रसार करणं म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. ओडिशात तर बळजबरीनं किंवा आमिषानं होणाऱ्या धर्मांतराविरुद्धचा कायदा १९६७ पासूनच आहे. त्या निकालाशी मी पूर्ण सहमत नाही. ऐकणाऱ्याला पटलं आणि त्यानं स्वतः निर्णय घेतला, तर तो हक्क ऐकणाऱ्याचा आहे, आणि तो हक्क निकालात नीट मांडला गेला नाही असं माझं मत. पण कायद्याची चौकट ही होती. त्या चौकटीत उभं राहून 'हो, आम्ही सुवार्ता सांगतो. जखम धुण्याची ती किंमत म्हणून मागत नाही. ज्याला नको त्याचीही जखम धुतो' एवढं म्हणता आलं असतं. यातलं प्रत्येक विधान तपासता येतं. आश्रमात राहणाऱ्या किती जणांनी बाप्तिस्मा घेतला नाही आणि तरी त्यांची चप्पल वेळेवर झाली, हे कुणीही जाऊन पाहावं.

मुलांना मी इथे एक अभ्यास देतो. ज्या संस्थेबद्दल बोलायचं तिच्या दारात उभं राहून स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. इथे मदत घेणाऱ्याला 'नाही' म्हणता येतं का? 'नाही' म्हटल्यावर त्याच्या वाट्याला काही कमी येतं का? आणि देणगीदारांना पाठवलेल्या पत्रात जे लिहिलं ते गावकऱ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. परदेशी पाठीराख्यांसाठी एक भाषा आणि तहसीलदारासाठी दुसरी, ही सवय आपल्या संस्थांत जुनी आहे. ती मी स्वतः पाहिली आहे, एका संस्थेसाठी अहवालांचं भाषांतर करताना. इंग्रजी अहवालात आकडे आत्म्यांचे, म्हणजे ख्रिस्ताकडे वळलेल्यांचे होते, मराठीत लाभार्थ्यांचे. माणसं तीच. मी दोन्ही टाइप केले आणि सही करणाऱ्यासमोर ठेवले. काही बोललो नाही. स्टेन्स प्रकरण वाचताना ते दोन अहवाल मला दर वेळी आठवतात.

२०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही याच प्रश्नाला हात घातला होता. आदिवासींच्या धर्मांतराबद्दल स्टेन्स यांना धडा शिकवण्याचा हेतू होता, अशा अर्थाचा उल्लेख निकालात आला. त्यावर देशभरातून आक्षेप घेतले गेले आणि चारच दिवसांत, २५ जानेवारीला, न्यायालयानं ती वाक्यं निकालातून काढून बदलली. फार क्वचित घडतं असं. आमच्या लोकांना त्याचा आनंद झाला, मलाही झाला. पण वाक्य निकालातून काढलं तरी लोकांच्या मनातला प्रश्न कागदावर नव्हताच मुळी. त्याला उत्तर आपणच द्यायचं आहे, आणि ते न्यायालयात मिळत नाही.

क्षमा दुसऱ्याच्या गळ्यात

ऋणाच्या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. तिच्याबद्दल बोलताना मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना माझा राग येतो.

मनोहरपूरनंतर काही महिन्यांतच, १९९९ च्या ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, मयूरभंजमध्ये आणखी दोन खून झाले : शेख रहमान या मुस्लिम व्यापाऱ्याचा आणि अरुल दास या कॅथलिक धर्मगुरूंचा. दोन्हींत दारा सिंगचंच नाव होतं. आपल्या मंडळ्यांतून विचारा, स्टेन्स हे नाव सगळ्यांना माहीत असतं. ही दोन नावं क्वचित कुणाला. २००८ मध्ये त्याच राज्यात कंधमाल जिल्ह्यात, तिथले हिंदू धर्मनेते स्वामी लक्ष्मणानंद यांच्या हत्येनंतर, ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले, माणसं मेली, हजारो लोक छावण्यांत आणि जंगलात गेले. तिथल्या विधवा गोऱ्या नव्हत्या, इंग्रजी बोलत नव्हत्या, त्यांच्यासमोर कॅमेरे नव्हते. त्यांनी क्षमा केली का, हे जगानं विचारलं नाही. आपण मात्र व्यासपीठावरून 'ख्रिस्ती समाजानं क्षमा केली आहे' असं बेधडक सांगून मोकळे झालो. कुणाचं ऋण आपण सोडत होतो? त्या बायकांचं. त्यांना न विचारता.

आणि हे ओडिशापुरतंही नाही. आमच्या ओळखीच्या एका मंडळीत एक बाई नवऱ्याचा मार खाऊन पाळकांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे गेली. हात सुजलेला होता. पाळकांनी प्रार्थना केली, मग तिला ग्लॅडिस स्टेन्सची गोष्ट सांगितली : तिनं तर नवरा आणि दोन पोरं मारणाऱ्यांना क्षमा केली, तुला एवढंही जमू नये? ती घरी परत गेली. दोन महिन्यांनी तिला ॲडमिट करावं लागलं. हे मला तिच्याच बहिणीनं सांगितलं आणि वर म्हणाली, 'भाऊ, तुम्ही ती गोष्ट तरुण संघात सांगता ना, जपून सांगा.' त्या वर्षापासून मी हे प्रकरण वेगळ्या रीतीनं शिकवायला लागलो.

ग्लॅडिसबाईंच्या क्षमेला साक्षीचं मोल आलं कारण ती त्यांच्यावर कुणी लादली नव्हती, आणि कारण त्यांच्यावर पुन्हा हात उगारणारा घरात बसलेला नव्हता. आरोपीला पकडायचं काम पोलीस करत होते, खटला सरकार चालवत होतं. त्या मार खाणाऱ्या बाईनं क्षमा करावी असा आग्रह धरणं म्हणजे तिच्या पदरात जे उरलंय तेही हिसकावून घेणं. तिला आधी संरक्षण लागतं, पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर जाणारं माणूस लागतं, राहायला जागा लागते. हे दिल्यावर, आणि तिनं स्वतः विषय काढला तर, ऋण सोडण्याची गोष्ट. मला तर वाटतं, ख्रिस्ती संदेशावरचा विश्वास बाहेरच्या टीकाकारांमुळे जितका उडतो त्याहून जास्त अशा खोल्यांत उडतो, जिथे दार लावून एका दुखावलेल्या माणसाला सुवार्तेचं वाक्य ऐकवलं जातं. तिची मुलं ते दारामागून ऐकत असतात. मोठी झाल्यावर ती उपासनेला येत नाहीत आणि आपण म्हणतो, जमाना बिघडला.

लोकांनी काय पाहिलं

मग बारीपदातल्या लोकांनी कशावर विश्वास ठेवला? इथे मी अंदाजानं बोलत नाही, क्रम पाहून बोलतो. शहरातून अंत्ययात्रा निघाली तेव्हा हजारो लोक रस्त्यावर आले, बहुतेक हिंदू. ते क्षमेच्या बातमीनं हेलावून आलेले नव्हते. क्षमा तोवर फक्त शब्द होती, तिची परीक्षा व्हायची होती. ते चौतीस वर्षांच्या ओळखीनं आले होते. बाजारात ओडियात बोलणारा, सायकलवर फिरणारा, आश्रमातल्या माणसाला आपल्यासारखंच वागवणारा हा 'साहेब' त्यांनी पाहिला होता. आणि पुढची पाच वर्षं त्यांनी ग्लॅडिसबाईंना त्याच आवारात, त्याच कामात पाहिलं. आधीची चौतीस आणि नंतरची पाच. मधली एक रात्र जगाच्या वर्तमानपत्रांनी उचलली.

मुलांना यातून सोपं उत्तर हवं असतं, ते मिळत नाही. चौतीस वर्षं कुणाकडे आहेत? नोकरी बदलते, शहर बदलतं, भाड्याचं घर अकरा महिन्यांनी बदलतं. पुण्यात एका सोसायटीत राहणाऱ्या आमच्या एका मुलानं विचारलं, 'सर, माझे शेजारी मला नावानंसुद्धा ओळखत नाहीत. मी कुणापुढे आणि कसली साक्ष देणार?' मी म्हटलं, आधी नाव सांग. वॉचमनचं विचार. तो हसला, पण पुढच्या वेळी आला तेव्हा वॉचमनच्या गावाचं, मुलीचं, तिच्या बारावीचं सगळं सांगत होता.

१६ एप्रिल २०२५ ला महेंद्र हेम्ब्रमची केओंझरच्या तुरुंगातून सुटका झाली, चांगल्या वर्तणुकीमुळे, पंचवीस वर्षांनी. बातमी आली त्या संध्याकाळी तरुण संघातल्या नर्सिंगच्या मुलीचा मला फोन आला. मला वाटलं ती चिडली असेल, किंवा क्षमेबद्दल काही विचारेल. तिनं विचारलं, 'सर, तो आता गावाकडे जाईल ना? तिथली ख्रिस्ती घरं त्याला पाणी देतील का?'

मी म्हटलं, ते त्या घरांनी ठरवायचं. आपण इथून त्यांच्या वतीनं 'हो' म्हणायचं नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, वॉर्डात एक पेशंट आहे, दारू पिऊन बायकोला जाळलेला, स्वतःही भाजलाय. त्याचं ड्रेसिंग करायला कुणी तयार नसतं. आज तिची पाळी होती. बोलता बोलता तिकडून कुणीतरी तिला हाक मारली, 'सिस्टर, बेड नंबर सहा,' आणि तिनं फोन ठेवला.